लहान मुलाची अंगठा चोखण्याची सवय हळूहळू कशी सोडवावी

ओंकारेश्वरला जाऊन आलेल्या प्रत्येक इंदूरकराने नर्मदेच्या पात्रातला मांधाता डोंगर पाहिलेला असतो. ज्या राजाच्या नावाने तो ओळखला जातो, त्याच्या जन्माची कथा आमच्या रामबागेतल्या घरी आजी नेहमी सांगत असे. युवनाश्व राजाच्या कुशीतून जन्मलेल्या त्या बाळाला पाजायला आई नव्हती, ते रडू लागले, तेव्हा इंद्राने आपले बोट त्याच्या तोंडात दिले आणि ते चोखता चोखता बाळ शांत झाले. तान्ह्या जिवाला चोखण्यातून दुधाइतकाच धीरही मिळतो, हे आजीच्या पिढीला कोणी शिकवावे लागले नव्हते. अंगठा सोडवायला निघालेल्या आई-वडिलांनी सर्वप्रथम एवढे ध्यानात घ्यावे की, तो अंगठा म्हणजे मुलाने स्वतःचा स्वतः शोधून काढलेला धीर आहे. तो काढून घ्यायचा असेल, तर त्याच्या जागी काय द्यायचे हे आधी ठरवावे लागते. ज्या घरात हे ठरत नाही, तिथे महिनोन्महिने नुसती ओढाताण चालते आणि अंगठा जिथल्या तिथे राहतो.

चोखणे ही मुलाची जन्मजात क्रिया आहे. गरोदरपणातल्या सोनोग्राफीतही गर्भाने अंगठा तोंडात घातलेला कित्येकदा दिसतो. जन्मल्यावर हीच क्रिया त्याला दूध मिळवून देते, आणि पोट भरलेले असतानाही झोप आली, दात शिवशिवले किंवा आई नजरेआड झाली की, तीच क्रिया त्याला शांत करते. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपोआप सोडून देतात, कारण तोवर त्यांना बोलून मागता येते, चालत जाऊन आईला बिलगता येते आणि दोन्ही हातांना करण्यासारखे पुष्कळ काही सापडते. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या अंगठ्याच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वयात हात स्वच्छ ठेवावेत, नखे कापलेली असावीत आणि मूल जागे असताना त्याच्या हातात काही ना काही द्यावे, एवढे पुरे आहे. खरा प्रयत्न दोन-अडीच वर्षांपासून सुरू करावा, आणि तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत निदान दिवसाची सवय तरी सुटावी, असा बेत ठेवावा.

घाई केल्याने काय होते, हे मी माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी शिकले, आणि त्याची किंमत तिला मोजावी लागली. ती पावणेतीन वर्षांची होती. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितले म्हणून मी तिच्या अंगठ्याला लाल मिरचीची पूड पाण्यात कालवून लावली. तिने अंगठा तोंडात घातला, जीभ पोळली म्हणून रडू लागली आणि रडताना त्याच हाताने डोळे चोळले. पुढचा तासभर मी तिला मोरीत उभी करून डोळ्यांवर पाणी मारत होते, आणि ती हुंदके देत दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात घालू पाहत होती. त्यानंतर तिने माझ्यासमोर अंगठा चोखणे खरोखरच बंद केले. ती पलंगाखाली जाऊन चोखू लागली. सवय सुटली नव्हती, ती फक्त माझ्यापासून लपवली गेली होती, आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलीला आईपासून काही लपवावेसे वाटणे ही गोष्ट अंगठ्याहून कितीतरी गंभीर होती.

म्हणून घरगुती उपायांविषयी आधीच बोलते. मिरची कधीही लावू नये. काळा बोळ, कडुनिंबाचा पाला, कारल्याचा रस हे मिरचीइतके घातक नाहीत, परंतु अडीच वर्षांच्या मुलाला त्या कडवटपणाचे कारण कळत नाही. आपल्याच हाताने आपल्याला दगा दिला, एवढेच त्याला जाणवते. बाजारात मिळणारे कडू नेलपॉलिश मोठ्या मुलांसाठी, मुलाला स्वतःला सवय सोडायची असताना, आठवण करून देण्यापुरते उपयोगी पडते. छोट्यांना ते बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली तर ती सुटून घशात अडकण्याचा धोका असतो. दोरा किंवा रबर बांधल्यास बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि मूल झोपेत असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. रात्री हात बांधून ठेवणे हा तर उपायच नव्हे. अंगठ्याऐवजी रबरी चोखणी द्यावी का, असेही काही जण विचारतात. चोखणी पुढे फेकून देता येते हे खरे, पण दात आणि टाळूवर तिचाही परिणाम अंगठ्यासारखाच होऊ शकतो. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाला ती नव्याने लावण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

दातांवर नेमका काय परिणाम होतो

अंगठा तोंडात असताना त्याचा दाब वरच्या पुढच्या दातांवर बाहेरच्या दिशेने आणि खालच्या दातांवर आतल्या दिशेने पडतो. त्याच वेळी जीभ टाळूवरून खाली उतरते आणि चोखताना गाल आत ओढले जातात, त्यामुळे वरचा जबडा दाढांच्या बाजूला अरुंद होऊ लागतो. दात सरकण्यासाठी जोरापेक्षा वेळ अधिक महत्त्वाचा असतो. दिवसाकाठी एकूण चार ते सहा तास सतत दाब राहिला की दात जागा सोडू लागतात, असे दंतवैद्यकात मानले जाते. दिवसभरात चार-पाच वेळा मिनिटभर जोराने अंगठा चोखणाऱ्या मुलापेक्षा, रात्रभर तो नुसता तोंडात धरून झोपणाऱ्या मुलाच्या दातांची काळजी अधिक करावी लागते, ती यामुळेच.

घरच्या घरी पाहायचे असेल, तर मुलाला उजेडात बसवून दाढा मिटायला सांगावे आणि त्याला 'ई' म्हणायला लावावे. मागच्या दाढा टेकलेल्या असताना पुढच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये फट दिसली, तर अंगठ्याने आपले काम सुरू केले आहे असे समजावे. दुसरी खूण जेवताना दिसते. अशा मुलाला पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही, म्हणून ते मान वाकडी करून बाजूच्या दातांनी तो ओढून तोडते. बोलण्यातही फरक पडू शकतो. आपल्या मराठीत 'चहा'मधला च वेगळा आणि 'चमचा'मधला पहिला च वेगळा. हा दुसरा च आणि स उच्चारताना जिभेचे टोक दातांच्या मागे नेमके टेकावे लागते. पुढे फट असली की जीभ तिच्यातून बाहेर सरकते आणि उच्चार बोबडा राहतो. इंदुरात मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी ऐकतात, त्यामुळे हा 'चमचा'मधला च त्यांना ऐकायला मिळतो तोच मुळी घरच्या माणसांकडून, आणि तो बिघडला तर आधी घरच्यांच्याच कानांना कळतो. अर्थात दोन-तीन वर्षांचे मूल बोबडे बोलतेच. केवळ तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, दुधाचे वीस दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात आणि पुढचे कायमचे दात साधारण सहाव्या वर्षी येऊ लागतात. चौथ्या वर्षाच्या आसपास सवय सुटली, तर पुढच्या दातांमधली फट बहुतेक वेळा ओठांच्या आणि जिभेच्या स्वाभाविक दाबाने भरून येते. आपल्या हातात वेळ आहे, हे मनाला बजावून मगच पुढच्या कामाला लागावे.

आधी आठवडाभर नोंद

धाकट्या मुलाच्या वेळी मी पहिले सात दिवस काहीही केले नाही, फक्त लिहून ठेवले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि त्याचा अंगठा तोंडात दिसला की वेळ, त्याआधी काय घडले, कोणता हात आणि अंगठा आपोआप बाहेर कधी आला, एवढे चार-पाच शब्दांत टिपू लागले. घरातल्या इतरांनाही तसेच करायला सांगितले. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते टाळून पुढे जाणाऱ्यांना मी नेहमी मागे फिरायला सांगते, कारण कोणत्या वेळचा अंगठा कशासाठी आहे हे कळल्याशिवाय त्या जागी काय द्यायचे ते कळत नाही.

आमच्या नोंदीतून असे दिसले की, त्याचा अंगठा मुख्यतः चार वेळी तोंडात जात होता: दूरदर्शन संच लागल्यावर, मोठ्या बहिणीला शिकवणीला सोडायला जाताना स्कूटरवर, घरात अनोळखी पाहुणे आल्यावर आणि झोपताना. पहिल्या दोन वेळी त्याचे हात रिकामे होते, तिसऱ्या वेळी तो बुजलेला होता आणि चौथ्या वेळी त्याला झोप हवी होती. एकच अंगठा, पण कारणे तीन, आणि म्हणून उपायही तीन लागणार होते. याखेरीज एक अगदी बारीक गोष्ट माझ्या सासूबाईंनी टिपली, जी मला कधीच दिसली नसती. अंगठा उजव्या हाताचा असे, आणि त्याच वेळी डाव्या हाताची दोन बोटे माझ्या पदराचा काठ चुरत असत. ज्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घातलेला असे, त्या दिवशी अंगठ्याच्या नोंदी कमी होत्या. पुष्कळ मुलांची सवय अशी जोडीने असते: कोणी कान धरते, कोणी गोधडीचे टोक कुरवाळते, कोणी केस ओढते. अशा वेळी जोडीतली दुसरी गोष्ट बाजूला झाली की अंगठाही सैल होऊ लागतो, म्हणून दुसरा हात काय करतो आहे याची नोंद अवश्य ठेवावी.

सुरुवात कधी करावी, हेही याच आठवड्यात ठरवावे. घरात नवे बाळ आले आहे, घर बदलले आहे, बालवाडी नुकतीच लागली आहे, मूल आजारातून उठले आहे किंवा मागच्या दाढा येत आहेत, अशा काळात हे काम हाती घेऊ नये. गणपती-दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि प्रत्येक जण मुलाला काही ना काही सुनावतो, म्हणून ते दिवसही टाळावेत. सलग दीड-दोन महिने घरात फारशी उलथापालथ नाही, असा काळ निवडावा.

घरातल्या सर्वांचे एकमत

एकत्र कुटुंबात सवय न सुटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे प्रत्येकाची वेगळी रीत. आई हळूच हात बाजूला करते, बाबा दटावतात, आत्या 'अंगठा काढ, चॉकलेट देते' म्हणते आणि शेजारच्या काकू 'छी-छी, गंदी बात' म्हणून तोंड वाकडे करतात. मुलाला यातून एवढेच कळते की अंगठा तोंडात घातला की सगळे घर आपल्याकडे पाहते. म्हणून एका संध्याकाळी मोठ्यांनी एकत्र बसून काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. अंगठा तोंडात दिसला तरी त्याचे नाव घ्यायचे नाही, हात ओढायचा नाही, हसायचे नाही, भावंडांशी तुलना करायची नाही. जे करायचे ते एवढेच, की मुलाच्या दोन्ही हातांना लागेल असे काहीतरी त्याच्यापुढे ठेवायचे. आणि अंगठा बाहेर असताना मात्र आवर्जून त्याच्याशी बोलायचे, त्याला जवळ घ्यायचे. मुलाकडे लक्ष देणे आपण चोखण्याशी जोडत आलो, ते आता मोकळ्या हातांशी जोडायचे आहे.

घरातल्या ज्येष्ठांना हे पटवताना मला थोडे कठीण गेले. 'आमची मुले नाही का मोठी झाली?' हा प्रश्न येतोच. वाद घालण्यापेक्षा त्यांना कामात सामील करून घ्यावे. पदराची गोष्ट सासूबाईंना दिसली, आणि त्या दिवसापासून त्या या कामाच्या सर्वांत विश्वासू सोबती झाल्या.

दिवसाचा अंगठा

रिकाम्या हातांवर उपाय सर्वांत सोपा असतो आणि म्हणून त्यापासूनच सुरुवात करावी. नोंदीत जी वेळ दिसली असेल, त्या वेळेच्या पाच मिनिटे आधीच हातांना काम द्यावे. अंगठा तोंडात गेल्यानंतर दिलेले काम मुलाला शिक्षेसारखे वाटते. कणकेचा गोळा हा माझा सर्वांत आवडता उपाय आहे, कारण त्याला दोन्ही हात लागतात आणि पोळ्या करताना मूल आपल्या जवळही राहते. मेथीची पाने खुडणे, धुतलेल्या फडक्यांच्या घड्या करणे, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतणे, भातुकलीतल्या पोळपाटावर लाटणे फिरवणे ही सगळी कामे चालतात. माळव्यात थंडीत घरोघरी मटार सोलले जातात आणि मुलांना ते फार आवडते, पण तीन वर्षांखालचे मूल दाणा नाकात किंवा घशात घालू शकते, तेव्हा त्याच्याजवळ कोणीतरी बसलेले असलेच पाहिजे. दूरदर्शन संचासमोर मात्र कोणतेही काम टिकत नाही, कारण डोळे पडद्यावर खिळले की हात सैल पडतात. तिथे मी पाहण्याची वेळच अर्ध्या तासावर आणली आणि तेवढा वेळ तो माझ्या मांडीवर बसे, त्याचे दोन्ही तळहात माझ्या हातांत असत. स्कूटरवर त्याला दोन्ही हातांनी धरायला एक छोटी कापडी पिशवी दिली. त्या पिशवीचा मान त्याचा, हे त्याने फार गंभीरपणे घेतले.

बुजण्याच्या वेळी काम देऊन चालत नाही. पाहुण्यांसमोर मूल अंगठा चोखते तेव्हा त्याला आधार हवा असतो, म्हणून त्याला कडेवर घ्यावे किंवा मांडीशी धरावे आणि 'काकांना नमस्कार कर', 'गाणे म्हणून दाखव' हा आग्रह त्या दिवसापुरता सोडून द्यावा. तीन वर्षांच्या आसपासच्या मुलाला एक छोटी युक्ती शिकवता येते: अंगठा आत घेऊन मूठ मिटायची आणि मनात दहापर्यंत मोजायचे, किंवा मोजता येत नसेल तर आई डोळ्यांनी 'पुरे' म्हणेपर्यंत मूठ धरून ठेवायची. आम्ही त्याला 'अंगठ्याला घरात झोपवणे' म्हणत असू. हा खेळ आधी कितीतरी वेळा शांत वेळी खेळावा लागतो, तेव्हा कुठे तो अवघड वेळी आठवतो. मुलाला आठवण द्यायची असेल तर शब्दांऐवजी खूण ठरवावी. मी स्वतःची मूठ मिटून दाखवत असे, आणि समोर बसलेल्या माणसाला त्यातले काही कळत नसे.

कौतुकासाठी मी टिकल्यांचे पाकीट वापरले. दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंत अंगठा बाहेर राहिला की, कॅलेंडरवरच्या त्या दिवसाच्या चौकोनात एक टिकली. टिकली तोंडात जाऊ नये म्हणून ती मी लावत असे, जागा तो दाखवत असे. आरंभी एवढा मोठा काळ ठेवू नये. पहिल्या आठवड्यात गोष्ट ऐकण्याइतका वेळ अंगठा बाहेर राहिला तरी टिकली द्यावी, आणि ती लगेच द्यावी, कारण अडीच-तीन वर्षांच्या मुलाला संध्याकाळी मिळणारे बक्षीस सकाळच्या गोष्टीशी जोडता येत नाही. ज्या दिवशी जमले नाही, तो चौकोन मोकळा ठेवावा, त्यावर फुली मारू नये आणि आधीची टिकली काढून तर मुळीच घेऊ नये.

हातांच्या स्वच्छतेविषयी थोडेसे. अंगठा चोखणाऱ्या मुलाच्या पोटात जंत जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून नखे लहान ठेवावीत आणि बाहेरून आल्यावर हात साबणाने धुवावेत. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, अंगणवाड्यांतून एक वर्षावरील मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत दिली जाते. तिचा लाभ घ्यावा. रंगपंचमीला राजवाड्याकडची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहायला मुलाला खांद्यावर घेऊन जाणार असाल, तर त्याच्या हातांना रंग लागू देऊ नये, आणि लागलाच तर अंगठा तोंडात जाण्याआधी हात धुण्यासाठी जवळ पाणी ठेवावे. सतत ओला राहिल्याने अंगठ्याची कातडी पांढरी पडून फाटते आणि नखाच्या कडेला सूज येते. रात्री मूल झोपल्यावर अंगठा कोरडा करून पाहावा. लालसरपणा, पू किंवा बारीक पाण्याचे फोड दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.

झोपेचा अंगठा

हा सर्वांत शेवटी सुटतो. दिवसाचा अंगठा निम्म्याहून अधिक सुटेपर्यंत झोपेच्या अंगठ्याला हात लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. झोपेकडे जाण्याची वाट मुलाने अंगठ्यातूनच शिकलेली असते, म्हणून त्याला दुसरी वाट रोज त्याच क्रमाने, त्याच वेळी दाखवावी लागते. आमच्याकडे साडेआठला जेवण आटोपले की कोमट पाण्याने हातपाय धुणे, तळपायांना थोडे खोबरेल तेल, मग दिवा मंद करून सासूबाईंची एक गोष्ट आणि शेवटी पाठीवर थोपटणे, असा क्रम असे. तेल चोळताना मी त्याच्या हातांची बोटे एकेक करून दाबत असे, सर्वांत शेवटी अंगठा. त्याला ते इतके आवडू लागले की तो स्वतःच अंगठा माझ्या हातात देऊ लागला.

पदराचा प्रश्न उरला होता. सासूबाईंनी आपल्या एका जुन्या, विरून मऊ झालेल्या महेश्वरी साडीच्या काठाची छोटी उशी शिवली, आत कापूस भरला आणि तिचा आकार मुद्दाम असा ठेवला की ती धरायला त्याला दोन्ही हात लागावेत. नुसता कापडाचा तुकडा दिला असता तर एका हाताने काठ चुरत दुसऱ्याचा अंगठा तोंडात गेला असता; उशी दोन्ही हातांनी छातीशी धरावी लागे. काठाचा स्पर्श त्याला ओळखीचा होता, त्यामुळे ती त्याने पहिल्याच रात्री स्वीकारली. अशी वस्तू एक वर्षाखालच्या बाळाच्या पाळण्यात मात्र ठेवू नये, आणि मोठ्या मुलासाठीही शिवण पक्की असावी, बटणे किंवा सुटे दोरे नसावेत.

मूल गाढ झोपल्यावर अंगठा हलकेच बाहेर काढावा, हात अंगाशी ठेवावा आणि खालचा ओठ बोटाने किंचित वर करून तोंड मिटवावे. ते अर्धवट जागे होऊन अंगठा परत घालू लागले तर घालू द्यावा. आणखी अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा करावे. रात्रीतले दोन तास जरी अंगठा बाहेर राहिला तरी दातांवरचा दाब तेवढा कमी झालेला असतो. इंदूरची डिसेंबर-जानेवारीची थंडी या कामात मदत करते. तेव्हा लांब बाह्यांचे, तळहात झाकणारे कपडे किंवा मऊ सुती हातमोजे घालणे मुलाला स्वाभाविक वाटते. त्यांची सक्ती करू नये; रंग त्याला निवडू द्यावा आणि काढून टाकले तर पुन्हा घालण्यासाठी त्याला उठवू नये.

आमचा दिवसाचा अंगठा पाच-सहा आठवड्यांत सुटला आणि झोपेचा सुटायला एकूण तीन महिन्यांहून अधिक लागले. मध्येच एक घसरण झाली. एका बालवाडीतल्या शिक्षिकेने त्याला सर्वांसमोर उभे करून 'देखो, ये तो अभी छोटा बेबी है' असे म्हटले. तो आठवडाभर शाळेत जाईना आणि दिवसाचा सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात दिसू लागला. मला फार राग आला होता, तरी मी भेटून शांतपणे एवढेच सांगितले की, त्याला वर्गात नावाने हाक मारून एखादी वस्तू आणायला पाठवावे, अंगठ्याचा उल्लेख करू नये. बालवाडीत घालण्यापूर्वीच ही गोष्ट शिक्षकांच्या कानावर घातली असती तर बरे झाले असते, म्हणून इतरांनी ती आधीच घालावी.

दंतवैद्यांकडे केव्हा जावे

पहिला वाढदिवस होईपर्यंत मुलाचे दात एकदा दाखवून घ्यावेत आणि तेव्हाच अंगठ्याविषयी विचारावे. बालदंतरोगतज्ज्ञ खासगी दवाखान्यांत भेटतात, तसेच इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही मुलांचे दात तपासून घेता येतात. चार वर्षांनंतरही रात्रभर अंगठा तोंडात राहत असेल, पुढच्या दातांत फट दिसत असेल किंवा वरचे दात ओठांबाहेर येऊ लागले असतील, तर वाट पाहू नये. कायमचे दात येण्याच्या वयात, इतर उपाय थकल्यावर, टाळूशी बसवायची एक छोटी जाळी दंतवैद्य सुचवतात. ती अंगठा टाळूला टेकू देत नाही. मुलाची स्वतःची तयारी असेल तरच ती यशस्वी होते, म्हणून तिची भीती आधीपासून घालून ठेवू नये.

काही वेळा बालरोगतज्ज्ञांना आधी भेटावे लागते. सुटलेली सवय एकाएकी परत येऊन दोन-तीन आठवड्यांत ओसरत नसेल, अंगठ्याबरोबर मूल केस उपटत असेल, खेळणे-बोलणे कमी झाले असेल किंवा एखाद्या ठरावीक माणसाला, ठरावीक जागेला पाहून अंगठा तोंडात जात असेल, तर त्या भीतीचे मूळ शोधणे अंगठ्यापेक्षा निकडीचे असते.

ताप, प्रवास, घरातले आजारपण अशा वेळी सवय थोडे दिवस डोके वर काढते. तेव्हा टिकल्यांचा हिशोब थांबवावा, मूल बरे होईपर्यंत त्याला हवा तेवढा अंगठा घेऊ द्यावा आणि नंतर तीन दिवस पुन्हा कॅलेंडरवर नोंद करून, जी वेळ सर्वांत जास्त दिसेल तिथूनच काम सुरू करावे. दुसऱ्या खेपेला ते फार लवकर होते. उशी मात्र लगेच काढून घेऊ नये. आमच्याकडची ती पाचव्या वर्षापर्यंत त्याच्या अंथरुणात होती, दर रविवारी धुऊन गच्चीवर वाळत घालावी लागे, आणि संध्याकाळी ती आणायला तो स्वतः जात असे.